गोधडीचं जॅकेट: आधी टाके, मग कात्री

आमच्या शिवणमंडळात दर हिवाळ्यात हे घडतं. कुणीतरी पिशवीतून नवं जॅकेट काढतं, अंगावर चढवतं आणि पुढच्या दोन्ही बाजू छातीवर एकमेकींना टेकतच नाहीत. "काकू, माप तर बरोबर घेतलं होतं, मग लहान काहून झालं?" माप खरंच बरोबर असतं. चुकलेला असतो तो क्रम. ब्लाउज शिवायची सवय असलेल्या हाताला आधी कापायचं आणि मग शिवायचं एवढंच ठाऊक असतं. पण गोधडीचं कापड टाक्यांनी आकसतं. मापात कापलेल्या पाठीवर धावदोरा घातला की ती पाठ दीड-दोन इंचांनी आखूड होते, आणि ते इंच नंतर कुठूनही परत मिळत नाहीत.

म्हणून हा लेख क्रमासाठी आहे. साडी धुवायची, नमुना करायचा, कच्चं जॅकेट घालून बघायचं, थर लावायचे, टाके घालायचे, आणि कात्री त्यानंतरच हातात घ्यायची.

हाताने काम करणार असाल तर पोळ्याच्या सुमारास सुरुवात करा. रोज तासभर बसलात तर डिसेंबरच्या थंडीपर्यंत जॅकेट होतं. अस्तर, दोरे, मांजरपाट (साधं जाडंभरडं सुती कापड) नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत ठोक भावाने मिळतं. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊ नका; मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कापड पारखून घेणं होत नाही.

1. साडी पारखणं

जुनी सुती साडी सर्वांत चांगली. 5.5 मीटर साडी म्हणजे साधारण 216 इंच लांबी आणि 45 इंचांच्या आसपास पन्हा. मध्यम मापाच्या जॅकेटचा वरचा थर आणि अस्तर दोन्ही एका साडीत निघतात, पण सगळी साडी सारखी मजबूत असेल तरच. टाचेकडचा काठ आणि कमरेला खोचायचा भाग सर्वांत आधी विरतो. साडी खिडकीसमोर उजेडात धरा आणि जिथे उजेड जास्त आरपार येतो तिथे खडूने खूण करा. तो भाग मधल्या थरात चालेल. वर किंवा अस्तरात नको, आणि काखेपाशी तर मुळीच नको.

रेशमी साडी घेत असाल तर घडीची जागा दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. कागदासारखा आवाज करून चीर पडली तर त्या साडीचं वस्त्र करू नका, तिचा काठ तेवढा वाचवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम तिथेच फाटतं, आणि टाक्यांची ओळ त्या चिरेला आणखी वाट करून देते.

करवतकाठी टसर साडीबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण आपल्या भागात ती अनेक घरांत असते आणि तिचा करवतीच्या दातांसारखा काठ जॅकेटच्या पुढच्या पट्टीला फार शोभतो. या साडीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून दातांपाशी एकमेकांत अडकवलेले असतात. काठ वेगळा काढताना दातांच्या अगदी कडेने कात्री फिरवली की ती गुंफणच सुटते. अंगाचं किमान अर्धा इंच कापड काठासोबत राहू द्या आणि ते आत दुमडा.

मधल्या थरासाठी जुनं मऊ धोतर किंवा विरलेली सुती साडी घ्या. रजईत घालतात ती पॉलिएस्टरची जाड गादी नागपुरात नको. आपली थंडी सकाळ-संध्याकाळची. दुपारी बाराला तेच जॅकेट अंगावर भाजायला लागतं. बाह्यांना मधला थर घालूच नका. दोन थर पुरेत, नाहीतर कोपर वाकत नाही.

2. धुणं आणि रंगाची परीक्षा

सगळे थर, अगदी पट्टीचं नवं कापडसुद्धा, आधी धुवायचे. मी हे एकदा टाळलं होतं. आईच्या पांढऱ्या साडीच्या जॅकेटला नव्या लाल कापडाची पट्टी लावली आणि पहिल्याच धुण्यात गळ्याभोवती गुलाबी ओघळ उतरले. ते आजही तसेच आहेत.

परीक्षा अशी करा. कापडाचा कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर ते कापड वेगळं आणखी दोनदा धुवा आणि पुन्हा तपासा. तरीही रंग येत असेल तर फिकट कापडाशेजारी ते लावू नका. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं अनेक घरांत सांगतात. बाजारातून रंगून आलेल्या कापडाचा सुटता रंग त्याने बांधला जात नाही.

वाळवणं सावलीत. कांजी घालू नका, कडक कापडात सुई अडते.

> तपासा: पावसाळी दिवस असतील तर इस्त्री फिरवल्यावर कापड पूर्ण गार होऊ द्या आणि गालाला लावून बघा. गारवा जाणवला तर आत ओल आहे. दमट थर एकमेकांवर शिवून टाकले की मधल्या थराला बुरशीचा वास धरतो आणि तो सहजी जात नाही.

3. नमुना तुकडा

ही पायरी बहुतेक जणी गाळतात आणि याच पायरीवर सगळं जॅकेट उभं असतं. एका संध्याकाळचं काम आहे.

ज्या तीन थरांचं जॅकेट करणार त्याच तीन थरांचा 12 इंचांचा चौकोन घ्या. त्यावर खडूने नेमका 10 इंचांचा चौकोन आखा आणि तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणेचे टाके घाला, म्हणजे धुण्यात खूण जाणार नाही. आता जॅकेटवर घालणार तसाच धावदोरा, तेवढ्याच अंतराने, उभ्या ओळींत घाला. पूर्ण झाल्यावर धुवा, वाळवा आणि खुणांमधलं अंतर मोजा.

उभं आणि आडवं वेगवेगळं मोजा. धावदोऱ्याच्या दिशेने कापड जास्त आकसतं, आडवं कमी. समजा उभे 10 चे 9.25 झाले आणि आडवे 10 चे 9.75. तर हिशेब असा:

लागणारं माप × 10 ÷ नमुन्यात उरलेलं माप.

पाठीची लांबी मायेसह (माया म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) 27.5 इंच हवी असेल तर 27.5 × 10 ÷ 9.25, म्हणजे जवळपास 30 इंच. रुंदी 23.5 हवी असेल तर 23.5 × 10 ÷ 9.75, म्हणजे 24 च्या थोडं वर. यात चारही बाजूंनी दीड-दीड इंच जास्तीचं धरा, कारण कडेचे थर नेहमी थोडे सरकतात. म्हणजे पाठीसाठी सुमारे 27 बाय 33 इंचांचा तुकडा झाला. पुढच्या दोन्ही बाजू आणि बाह्यांचा हिशेब अशाच रीतीने करा. बाह्या दोन थरांच्या आहेत, म्हणून त्यांचा नमुना वेगळा.

> थांबा: शेजारणीच्या नमुन्याचे आकडे वापरू नका. कुणी दोरा ओढून घेतं, कुणी सैल सोडतं. एकाच साडीवर दोन हातांचं आकसणं वेगळं येतं, हे आम्ही मंडळात वारंवार पाहिलं आहे.

याच कारणाने एकत्र बसून काम करताना तुकडे वाटून घेण्याचीही रीत ठरवा. मोठ्या गोधडीला चार बाजूंनी चौघी बसल्या तरी बिघडत नाही, ती अंगाला बसवायची नसते. जॅकेटमध्ये पुढची डावी आणि उजवी बाजू एकाच हाताने शिवायची. दुसरीने मदत करायचीच असेल तर पाठ किंवा दोन्ही बाह्या तिला द्या. एक बाही हिची आणि एक तिची, असं कधीही नको.

4. मांजरपाटाचं कच्चं जॅकेट

साडीला हात लावण्याआधी मांजरपाट दुहेरी घेऊन मोठ्या टाक्यांनी एक जॅकेट शिवून घाला. नेहमीच्या जॅकेटला छातीत चार इंच सैल ठेवत असाल तर इथे सहा ठेवा. कारण साधं आहे: कापडाची जाडी आतली जागा खाते. सगळे थर मिळून 2 मिलिमीटर झाले तरी आतला घेर साधारण अर्ध्या इंचाने कमी होतो, आणि आत कुर्ता असतोच.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, अर्धा इंच खाली उतरवा. मग दोन्ही हात पुढे करून गाडीचं हँडल धरल्यासारखे उभे राहा. पाठीत ओढ बसली तर पाठीची रुंदी वाढवा, बाहीची नव्हे. मापं पटली की मांजरपाट उसवा. त्याचे तुकडे हाच तुमचा आखणीचा कागद.

5. थर लावणं आणि कच्चा टाका

पलंगावर नको, फरशीवर. पलंगाच्या गादीवर कापडाला झोळ पडतो आणि तो दिसतही नाही.

अस्तराचा थर उलटी बाजू वर करून पसरा. चारही कडा चिकटपट्टीने फरशीला धरून ठेवा, कापड सपाट हवं पण ताणलेलं नको. ताणून चिकटवलं की पट्टी काढल्यावर अस्तर मागे येतं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. त्यावर मधला थर, त्यावर सुलटी बाजू वर करून वरची साडी. साडीचा उभा धागा तिन्ही थरांत वरून खाली एकाच दिशेने जाऊ द्या.

पंखा बंद करा. हे साधं वाटतं, पण विरळ सुती साडी पंख्याखाली अर्धा इंच सरकते आणि आपण दुसऱ्या कोपऱ्यावर असल्याने कळत नाही. म्हणून हे काम सकाळी लवकर उरकावं. कोपऱ्यांवर वजनाला पुस्तकं ठेवा.

कच्चा टाका मध्यातून सुरू करायचा. आधी मधोमध उभी ओळ, मग आडवी, मग चार-चार इंचांवर बाहेरच्या दिशेने जाळं. टाका लांब, दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे नंतर उसवताना डोळ्यांना त्रास नाही. एका हाताने कापड उचलून टाका घालायचा मोह टाळा. सुई फरशीला टेकून वर येऊ द्या. सेफ्टी पिना वापरत असाल तर जरीच्या काठावर लावू नका, भोकं राहतात.

> तपासा: तुकडा उलटा करा आणि अस्तरावरून तळवा फिरवा. एखादी चुणी बोटाला लागली तर तेवढ्या भागाचा कच्चा टाका आत्ता उसवा. पक्का धावदोरा झाल्यावर ती चुणी कायमची.

6. धावदोरा

सुती दोरा वापरा. पॉलिएस्टर मजबूत असतो म्हणून अनेक जणी तोच घेतात, पण जुन्या विरलेल्या साडीपेक्षा दोरा मजबूत झाला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, साडी चिरते. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जातो आणि शेवटाकडे बारीक होऊन तुटतो. गाठ वर ठेवू नका. मधल्या थरात ओढून घ्या.

आपल्याकडे गोधडी अनेकदा कडेने सुरू करून फेऱ्या घेत आत नेतात. अंथरायच्या गोधडीत मधे थोडा फुगवटा आला तर कुणाला कळत नाही. जॅकेटच्या पाठीत तो फुगवटा बरोबर दोन खांद्यांच्या मधे येतो आणि माणूस पोक काढून उभा आहे असं वाटतं. म्हणून इथे मध्यातून बाहेर. एक ओळ मध्याच्या उजवीकडे, पुढची डावीकडे, अशी कडेपर्यंत. ओळींत अर्धा ते पाऊण इंच अंतर ठेवा आणि ते नमुन्यातल्या अंतराएवढंच हवं. मधेच उत्साहाने ओळी दाट केल्या तर तेवढा पट्टा जास्त आकसेल.

दर चार-पाच ओळींनी तुकडा सपाट ठेवून बघा. कडा लाटेसारख्या वर-खाली होत असतील तर दोरा जास्त ओढला जातोय.

फुलं, वेली, तुकड्यांची नक्षी घालायची असेल तर तीही याच टप्प्यावर. फक्त शिवणीपासून एक इंच आतच ठेवा. नाहीतर अर्धं फूल मायेत जातं.

मशीनवर करत असाल तर 16 नंबरची सुई, टाका साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब कमी. मशीनचा नमुना मशीनवरच करायचा, हाताचे आकडे इथे चालत नाहीत. मला स्वतःला हाताचं काम आवडतं. मशीनच्या ओळीत कापड मऊ पडायला बरीच धुणी जावी लागतात.

7. आखणी आणि कात्री

सगळे पाच तुकडे तयार झाल्यावर कच्चे टाके उसवा आणि तुकडे एकदा धुवून सावलीत सपाट वाळवा. हे धुणं टाळू नका. आकसायचं ते आत्ताच आकसू द्या.

आता मांजरपाटाचे तुकडे वर ठेवून खडूने आखा. आधी शिवणीची रेघ, मग तिच्या बाहेर पाऊण इंच माया, तीच कापायची रेघ.

> थांबा: कापण्याआधी कापायच्या रेघेच्या पाव इंच आतून, म्हणजे मायेतूनच, मशीनची एक शिलाई सगळीकडे मारून घ्या. धावदोरा कात्रीने तुटला की त्याची टोकं मोकळी होतात आणि ओळी आतपर्यंत उसवत जातात. ही एक शिलाई ते अडवते.

पुढच्या दोन बाजू आखताना सर्वांत जास्त नुकसान होतं. दोन्ही डाव्याच कापल्या जातात. साध्या कापडात दुहेरी घडी घालून कापतो, इथे जाडीमुळे एक-एक कापावं लागतं आणि दुसऱ्या वेळी मांजरपाटाचा तुकडा उलटा करायचं राहून जातं. दोन्ही बाजू आखून झाल्यावर सुलट्या बाजू समोरासमोर ठेवा. गळा गळ्यावर आणि मुंढा मुंढ्यावर आला तरच कात्री उचला. साडीचा काठ पुढे हवा असेल तर सुरुवातीलाच एक बाजू साडीच्या एका काठाला धरून आणि दुसरी समोरच्या काठाला धरून घेतलेली असावी. पण काही साड्यांत वरचा काठ खालच्यापेक्षा अरुंद असतो, ते थर लावण्याआधीच बघून घ्या. नक्षीत मोर किंवा कुयऱ्या असतील तर त्यांची तोंडं कुठे आहेत तेही.

8. जोडणी

क्रम असा:

1. खांदे जोडा.
2. बाही उघड्या मुंढ्याला सपाट लावा. बाजू आधी बंद केली तर गोल मुंढ्यात जाड बाही बसवणं फार कठीण जातं.
3. मग काखेतून वळत बाजू आणि बाहीची खालची शिवण एका ओळीत.
4. पुढच्या कडा, गळा आणि घेर सर्वांत शेवटी.

प्रत्येक शिवणीनंतर मायेतला मधला थर बारीक कात्रीने काढून टाका. असं न केल्यास काखेत सहा थरांची गाठ येते आणि हात खाली नीट पडत नाही. माया दोन्हीकडे उघडून दाबा आणि पातळ पट्टीने झाका, म्हणजे आतूनही जॅकेट घालण्याजोगं दिसतं. दाबताना इस्त्री खाली टेकवा आणि उचला, घासू नका. जरीवर मधे फडकं ठेवा.

> तपासा: बाजू जोडण्याआधी टाचण्या लावून एकदा अंगावर घाला. सैल वाटलं तर इथे घ्यायला जागा आहे. घट्ट वाटलं तर मायेतून प्रत्येक शिवणीला पाव इंच सुटतं, त्याहून जास्त नाही.

9. उरेब पट्टी

सरळ कापलेली पट्टी गळ्याला कधीच नीट बसत नाही. कापड तिरकं घडी करून सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या काढा, जोडा, लांबीत दुमडून इस्त्री करा. गळ्याच्या आतल्या वळणावर पट्टी किंचित ओढून लावायची. घेराच्या गोल कोपऱ्यांवर उलट, पट्टी जराशी सैल सोडायची. हे उलटं झालं तर गळा उभा राहतो आणि कोपरे आत वळतात. बाहेरून मशीन, आतून हातशिलाई.

बटणं लावणार असाल तर आतल्या बाजूने प्रत्येक बटणामागे कापडाचा छोटा गोल तुकडा ठेवा. जुनी साडी एकट्या बटणाचा ताण पेलत नाही. नाड्या लावल्या तर त्या पट्टीतच अडकवून शिवा.

धुणं आणि डागडुजी

मशीनमध्ये टाकू नका. थंड पाण्यात सौम्य साबणाने बुडवून काढा, पिळू नका, जाड पंच्यात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट वाळवा. तारेवर टांगलं तर ओल्या थरांच्या वजनाने खांदे ओघळतात. रेशीम किंवा जरी असेल तर ड्रायक्लीनिंगला द्या.

कोपराचं आणि काखेचं कापड आधी विरेल. साडीचे उरलेले तुकडे म्हणूनच फेकू नका. नाव लिहून एका पिशवीत ठेवा. विरलेल्या जागेवर त्याच साडीचा तुकडा ठेवून पुन्हा धावदोरा घालता येतो, आणि त्या वेळी दोरा आधीपेक्षा सैल ठेवायचा, कारण खालचं कापड आता आणखी नाजूक झालेलं असतं.